पोर्तोच्या मैदानावर, थियागो सिल्वासाठी

पोर्तोच्या विमानतळावरून मेट्रोची ई लाइन थेट एस्तादिओ दो द्रागाओ स्टेशनला जाते, गाडी बदलावी लागत नाही. अंदान्ते या प्रवासकार्डावर झेड-४ (चार झोन) चं तिकीट भरा आणि चढण्याआधी यंत्राला टेकवा. वाटेत अडवणारं फाटक नसल्याने टेकवायचं राहून जातं, मग खिशात तिकीट असूनही दंड बसतो. एक कार्ड एकालाच चालतं.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर मैदान. मी आलो ते थियागो सिल्वासाठी. रिओचा हा फुटबॉल बचावपटू २००४ मध्ये ब्राझीलच्या जुव्हेंतुदे क्लबकडून पोर्तो क्लबात आला, तेव्हा हे मैदान अगदी नवं होतं. त्याच्या वाट्याला आला तो ब संघ, म्हणजे क्लबचा दुय्यम संघ. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या डायनॅमो क्लबकडे गेला आणि तिथे क्षयरोगाचं निदान झालं. सुमारे सहा महिने रुग्णालयात काढून, त्या संघासाठी एकही सामना न खेळता तो ब्राझीलला परतला. रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबने त्याला पुन्हा उभं केलं.

शरीर सावरलं, तर पुढे कागद आडवे आले. इटलीच्या मिलान क्लबशी करार डिसेंबर २००८ मध्ये झाला, पण युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंचा कोटा भरलेला. २००९ च्या उन्हाळ्यापर्यंत सराव आणि मैत्रीपूर्ण सामने, एवढंच. परदेशी जाणाऱ्या ब्राझिलियन खेळाडूच्या कारकिर्दीतले असे महिने आकडेवारीत दिसतच नाहीत. नंतर मिलानसोबत २०११ ची इटालियन लीग, पॅरिसमध्ये आठ हंगामांत सात लीग विजेतेपदं, आणि २०२० मध्ये, छत्तिशीच्या उंबरठ्यावर, लंडनचा चेल्सी क्लब.

२९ मे २०२१ ला चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेची अंतिम लढत याच मैदानावर झाली. चेल्सीच्या बचावात उजवीकडे आस्पिलिक्वेता, डावीकडे रुडिगर, मधे सिल्वा. मधल्याचं काम पाय घालण्याचं कमी, झाकण्याचं जास्त: बाजूचा पुढे सरसावला की त्याची मोकळी जागा भरायची, आणि चेंडूवर नजर असतानाच मान वळवून पाठीमागून कोण धावतंय ते पाहायचं. एक पाऊल उशीर झाला, तर मागे मोकळं रान! ३९व्या मिनिटाला जांघेच्या दुखापतीने सिल्वा बाहेर गेला, त्याच्या जागी क्रिस्टेन्सन आला. तीनच मिनिटांनी चेल्सीच्या हावर्ट्झचा गोल, आणि १-० वर चषक चेल्सीचा.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, बचावाची रांग कशी सरकते ते दिसत नाही. इथे सामना पाहणार असाल तर लांब बाजूच्या वरच्या मजल्यावरचं तिकीट घ्या. पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त मधल्या बचावपटूकडे पाहा.