साळावली प्लॅन: रिकामा तंबूसुद्धा आतून ओला!

मंडळी, जानेवारीत मी आणि मावसभाऊ गोव्यातल्या साळावली धरणाजवळ तंबू टाकून मासे गरवायला जाणार आहोत. त्या ट्रिपपर्यंत थांबणार होतो पण एवढी मोठी गोष्ट हाती लागलीय की आत्ताच लिहितो. बोरीला मामांच्या शेतात बांधावर तंबू लावला, चेन ओढून बंद केला, आणि आत कुणालाच झोपवलं नाही. मी वर पडवीत झोपलो. पहाटे टॉर्च घेऊन खाली आलो तर फ्लाय, म्हणजे तंबूचं वरचं कापड, बाहेरून चिंब, ते तर होणारच होतं, पण आतल्या बाजूनेसुद्धा थेंबच थेंब! बोट फिरवलं की पाणी ओघळून मनगटापर्यंत येत होतं. पंचाने सगळं पुसून काढलं आणि मामींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंचा आधीचा आणि नंतरचा तोलला, फक्त आतल्या बाजूचं पाणी ३१० ग्रॅम भरलं. रिकाम्या तंबूत!

तंबू सकाळी आतून ओला होतो हे मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं, त्यावर बहुतेकांचं म्हणणं होतं की हा सगळा श्वासाचा खेळ आहे, व्हेंट उघडे ठेव, दार अर्धं उघडं ठेव. श्वासाचा वाटा आहेच, एक माणूस झोपेत श्वासातून आणि अंगातून साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो, त्यामुळे दोघं झोपले की अर्धा लिटर वाफ तंबूत. पण व्हेंट उघडून, दोन्ही दारं उघडून, फ्लाय जमिनीपासून वर उचलून, सगळं करून झालं होतं आणि तरी सकाळी स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला होतच होता. म्हणून म्हटलं माणूसच काढून टाकू या आणि बघू.

आता खरी मजा. माझ्याकडे तव्याचं तापमान बघायला घेतलेली इन्फ्रारेड गन आहे, ती घेऊन पहाटे पाचला बांधावर उभा राहिलो. हवेचं तापमान १९, आर्द्रता ९२ टक्के, म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साडेसतराच्या किंचित वर. गन फ्लायच्या माथ्यावर धरली तर १६! हवेपेक्षा तीन डिग्री थंड. बाजूच्या उभ्या भागावर धरली तर १८ च्या आसपास, आणि गंमत म्हणजे तो भाग आतून जवळपास कोरडा होता. मग गन सरळ वर स्वच्छ आकाशाकडे धरली तर आकडा धडाधड खाली गेला, आणि अंगणातल्या फणसाच्या पानांकडे धरली तर परत हवेइतकाच. मला तिथे उभ्या उभ्याच लख्ख कळलं. तंबूचं छप्पर रात्रभर उघड्या आकाशाकडे आपली उष्णता फेकत राहतं, त्यात कापड एवढं पातळ की आतली आणि बाहेरची बाजू एकाच तापमानाला असते, आणि ते दवबिंदूच्या खाली गेलं की दोन्ही बाजूंनी पाणी धरतं. आतली वाफ कुठून आली? बांधावरच्या ओल्या मातीतून, गवतातून, आणि फ्लायखालून जी हवा आत शिरते तिच्यातून. व्हेंट उघडून आपण तीच ९२ टक्केवाली हवा आत घेतो, ती काय सुकवणार!

खात्री करायला फणसाखाली जुना तार्प (ताडपत्री) ताणून ठेवला होता. तो कोरडा. नुसता बरा नाही, हाताला कोरडा. आणि मामांची गाडी त्याच फणसाखाली असते तिच्या काचेवर दंव नाही, शेजारची रस्त्यावर उघड्यावर असते तिला रोज सकाळी वायपर मारावा लागतो. हे आपण सगळे लहानपणापासून बघतोय.

तंबू विकणारे '३००० मिमी वॉटरप्रूफ' असं मोठ्या अक्षरात छापतात त्याचा इथे काही संबंध नाही हेही सांगून ठेवतो. तो आकडा बाहेरून येणाऱ्या पावसाच्या दाबाचा आहे. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत पाऊस जवळपास नसतोच, आपल्याला छळतं ते दंव, आणि दंवाबद्दल पाकिटावर एक अक्षर नसतं. म्हापशाच्या एका दुकानात मला डबल कोटिंगवाला फ्लाय घे म्हणजे दंव लागणार नाही म्हणून छातीठोकपणे सांगितलं गेलं, घेऊ नका, कोटिंग कितीही द्या, कापड तेवढंच थंड होणार. पैसे घालायचेच असतील तर सिलनायलॉनऐवजी (सिलिकॉन लावलेलं नायलॉन) सिलपॉलीत (सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर) घाला, नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि मध्यरात्री उठून तंबूच्या दोऱ्या ताणत बसावं लागतं, पॉलिएस्टर तसंच ताठ राहतं.

तर आता प्लॅनवर याचा परिणाम. आधीचा बेत तुम्हाला माहीतच आहे: साळावलीच्या बॅकवॉटरला लागून ओळखीच्या काकांचं कुळागर (पोफळींची बाग), पोफळींच्या कडेला सपाट मोकळा तुकडा, पाणी हाकेच्या अंतरावर, तंबूतून डोकं बाहेर काढलं की समोर जलाशय. धरणाच्या काठावर कुठेही तंबू ठोकता येत नाही आणि नेत्रावळी अभयारण्याची हद्दही जवळ, म्हणून खासगी जागा शोधली होती आणि ती मिळाल्याचा आनंद अजून आहे. पण दंवाच्या हिशेबाने त्याहून वाईट जागा नाही. सगळ्यात खोलगट, थंड हवा रात्री उतरून तिथेच साचणार, पोफळींना पाणी सोडलेलं त्यामुळे जमीन कायम ओली, बाजूला व्हाळ (ओढा), आणि वर आकाश उघडं.

काकांना फोन केला. त्यांना इन्फ्रारेड वगैरे काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की काका, तुमच्या जमिनीत दंव कुठे जास्त पडतं? त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं की व्हाळाकडच्या काजूंचा मोहोर धुक्यात काळा पडतो, वरच्या टप्प्यावरच्या झाडांना त्याच दिवसांत काही होत नाही, वर वारा असतो. माझा थर्मामीटर आणि त्यांचा मोहोर एकच सांगतायत! त्यामुळे कॅम्प आता वरच्या टप्प्यावर, काजूंच्या वर जिथे माट्टीची (ऐनाची) दोन झाडं आणि एक जुना आंबा आहे तिथे. जानेवारीत माट्टीची पानं अजून टिकून असतात, आंबा तर बाराही महिने हिरवा. पाणी लांब गेलं, पहाटे गरी घेऊन उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, चालेल. गव्यांच्या दृष्टीनेही हेच बरं, ते पहाटे-संध्याकाळी पाण्यावर उतरतात आणि त्यांच्या वाटेत तंबू असणं मला अजिबात नको होतं.

पण काजूंजवळची जागा म्हटली की दोन गोष्टी आल्या. एक सुका पाचोळा. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या भागात जे वणवे लागले ते आठवले तरी अंगावर काटा येतो, त्यामुळे शेकोटी पूर्ण रद्द, फक्त गॅस स्टोव्ह, तोही जांभ्या दगडाच्या कातळावर. दुसरी गोष्ट गोचीड. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि त्यात काजूत काम करणारे लोक बरेच होते, गोचिडीतून येणारा रोग, हंगाम साधारण डिसेंबर ते मे. साळावली सांगे तालुक्यात, सत्तरीत नव्हे हे मान्य, पण पाचोळ्यावर चटई टाकून लोळायचं नाही, पॅंट मोज्यात खोचायची, रोज संध्याकाळी एकमेकांची मान-काख-गुडघ्यामागे तपासायचं, आणि कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता लगेच कळवायचं. याबाबत ट्रिपमध्ये कुणाचीही टाळाटाळ मी ऐकणार नाही.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, पाचोळ्यावर झोपायचंच कशाला, हॅमॉक का नको? दोन माट्टींमधलं अंतर काकांच्या अंदाजाने बारा-तेरा हात, म्हणजे बरोबर बसतं. काजूला बांधायचं नाही, फांदी कडकन मोडते. वर रिजलाइनवर (दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोरीवर) तार्प, तो आकाश झाकेल, हॅमॉकला दिसेल तार्प आणि तार्पला दिसतील पानं. जमिनीची ओल नाही, गोचीड नाही, सपाट जागाही शोधायला नको. एकच शत्रू म्हणजे हुमले (झाडावरच्या तांबड्या मुंग्या), आंब्यावर त्यांची घरटी असणारच आणि दोरीवरून सरळ अंथरुणात उतरतात, त्यामुळे आंबा सोडायचा आणि माट्टीवरच्या पट्ट्याला दोन्हीकडे ग्रीसचं फडकं गुंडाळायचं. पाठीखालून वारा लागतो म्हणून फोमची चटई हॅमॉकच्या आत. मावसभाऊ मात्र तंबूच म्हणतोय, त्याला लटकून झोप येत नाही, त्याच्या तंबूवर दुसरा तार्प वीतभर अंतर ठेवून. थंड होईल तो तार्प, तंबूचं छप्पर नाही.

हे उघड्यावर पण चालायला हवं आणि तेच आता तपासतोय. पुढच्या निरभ्र रात्री बांधावर एक तंबू नुसता, दुसरा तार्पखाली, आणि तिसऱ्यावर ती चमकणारी इमर्जन्सी ब्लँकेट, धातूची बाजू वर करून. चकचकीत धातू उष्णता फार कमी बाहेर टाकतो, म्हणजे दंव कमी पडायला हवं. ब्लँकेट वाऱ्यात फडफडून फाटणार हे दिसतंय, कडेला डक्ट टेप लावून डोळे पाडेन. जमलं तर शंभर रुपयांच्या आत आणि मुठीत मावणारा उपाय.

मासेमारीचं थोडक्यात, कारण सगळा वेळ दंवाने खाल्ला. मच्छीमार खातं आणि जलस्रोत खातं, दोन्हीकडे लेखी अर्ज दिलाय, परवानगी हातात आल्याशिवाय रॉड पिशवीतून बाहेर काढणार नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर गरवणं नाहीच. चार तुकड्यांचा सात फुटी रॉड आला, सांधे घट्ट आहेत, खूश आहे. विणलेल्या मुख्य दोरीला (ब्रेड) पुढचा दोरीचा तुकडा (लीडर) जोडायची एफजी नॉट ही गाठ आता अंधारातसुद्धा बसते, लीडर तुटेल पण गाठ सुटत नाही, बोरीच्या तळ्यावर शेवाळात अडकलेला फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) ओढून काढताना हे सिद्ध झालं! आणि त्याच फ्रॉगवर मरळ लागली. आधी पाण्यावर एक बुडबुडा, ती हवा घ्यायला वर येते तेव्हाचा, मी त्याच्या दोन हात पुढे फ्रॉग टाकला, थांबवला, जरासा हलवला आणि पाणी फाटलंच. फोटो काढून सोडली. हात अर्धा तास थरथरत होते.

साळावलीत खाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत, कुर्डी गाव त्या पाण्याखाली आहे आणि मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं तेव्हा ते बुंधे दिसतात. जानेवारीत ते पाण्याच्या आत असतील, त्यामुळे ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) सगळे काढून सिंगल लावलेत, वीडलेस (सहसा न अडकणारा) फ्रॉग आणि एक-दोन स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) एवढंच नेणार. रोहू-कटलासाठी पिठाचे गोळे मावसभाऊ करणार, त्याची ती जुनी रेसिपी, पेंड आणि बडीशेप, मला सांगत नाही.

चालण्याचं: मधल्या दिवशी सावरी धबधबा, नेत्रावळीच्या वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून. मैनापी यावेळी नाही. २०२३ च्या पावसात तिथे दोघे बुडाले आणि त्यानंतर धबधब्यांवर बंदी आली होती, हिवाळ्यात परिस्थिती वेगळी असते पण मावसभावाच्या आईला शब्द दिलाय. परतताना गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी, काठावर नुसतं बसायला. आधी हे चालणं शेवटच्या दिवशी होतं, आता मध्ये घेतलं, कारण एकाच जागी दोन रात्री काढल्या की ओला तंबू पाठीवर घेऊन चालायला नको आणि दिवसभर उन्हात तो वाळतो. त्या ३१० ग्रॅमचा हिशेब असाही लागतो.

आता तुमच्याकडून एकच हवंय. हॅमॉकवर तार्प ३ बाय ३ मीटरचा घ्यावा की ३ बाय ४? कडेचा वारा असला तर ३ बाय ३ कमी पडतो असं वाचलंय, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. चोर्ल्याच्या बाजूला किंवा खोतीगावला कुणी हिवाळ्यात हॅमॉकमध्ये झोपलं असेल तर पहाटे पाय उघडे पडले का, तार्पच्या आतल्या बाजूला थेंब होते का, आणि वर झाड होतं की आकाश, एवढं नक्की सांगा. ऑर्डर शनिवारी टाकतोय.