तुम्ही विचारलंत म्हणून: जिन्यातल्या खुर्चीबद्दल

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो तिथे एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची असते. शाळेतून येताना मी तिच्यात पाच-सात मिनिटं बसते आणि मग उरलेल्या पायऱ्या चढते. जाणारे-येणारे थांबतात. "काय हो बाई, दिसायला तर छान दिसता, मग नेमकं होतं तरी काय?" आणि त्याला जोडूनच, "अजून कोव्हिडच?" जिन्यात दोन वाक्यांत मावेल असं उत्तर नसतं, म्हणून मी "बरंय" म्हणते आणि विषय संपवते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते: मला लाँग कोव्हिड आहे, म्हणजे कोव्हिड गेला तरी मागे रेंगाळलेला आजार.

एप्रिल 2021 मध्ये नाशिकात काय चाललं होतं ते नाशिककरांना सांगायला नको. 21 तारखेला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून माणसं गेली, त्याच आठवड्यात मी पॉझिटिव्ह आले. मला बेड लागला नाही, सिलिंडर लागला नाही. सतरा दिवस मागच्या खोलीत काढले, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला नाही. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटलं.

जून उजाडला तरी केस विंचरताना हात भरून येत होते. अंघोळ झाली की अर्धा तास पडायचं. फोडणीत कांदा टाकला की काहीतरी कुजल्यासारखा वास यायचा, आणि कांदा टाळून नाशिक जिल्ह्यात राहायचं कसं ते तुम्हीच सांगा. नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधड. एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर, सगळं केलं. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटवत सांगितलं, "टेन्शन घेऊ नका. चालायला लागा, सवय होईल."

मी गणित शिकवते. सरावाने जमत नाही असं काही असतं, हे मला मान्यच नव्हतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पांडवलेणीची टेकडी चढले. थांबत थांबत, पण वरपर्यंत गेले. वरून शहर पाहिलं, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. सोमवारी शाळेत गेले. मंगळवारी पहाटे जाग आली तेव्हा कुशीवर वळता येईना. घसा दुखत होता, अंगात कणकण, डोळ्यांना ट्यूबलाइट सोसवेना. तीन आठवडे अंथरुणात गेले. त्यानंतरही मी पूर्वीच्या जागी आले नाही, एक पायरी खालीच राहिले.

नेमकं काय होतं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे त्या मंगळवारात आहे. या आजारात श्रमाचा फटका श्रम करताना बसत नाही. बारा तासांनी बसतो, कधी दोन दिवसांनी. रविवारी लग्नात मला पैठणीत हसताना पाहणारी दोनशे माणसं असतात, मंगळवारची मी फक्त घरच्यांना दिसते. म्हणून तुमचं "छान दिसता" खोटं नाही. तुम्ही मला पाहता तो वारच वेगळा असतो.

पुढे एका फिजिशियन मॅडमनी वेगळीच तपासणी केली, तिला मशीन लागलं नाही. मला दहा मिनिटं पडून राहायला सांगितलं, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं केलं. पडल्यावर नाडी 74, उभं राहून आठव्या मिनिटाला 118. रक्तदाब जागच्या जागी. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी 30 किंवा जास्तने वाढली, ती तशीच राहिली आणि रक्तदाब पडला नाही, तर त्याला पॉट्स म्हणतात. शरीर आपोआप जी कामं करतं, रक्त पायात साचू न देणं वगैरे, त्या यंत्रणेचा घोळ. लाँग कोव्हिडच्या बऱ्याच जणांना तो होतो. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, पण आजार मोठा निघाला म्हणून नाही. आकडा मिळाला म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये लाँग कोव्हिडची व्याख्या केली: लागण होऊन साधारण तीन महिने झालेत, लक्षणं निदान दोन महिने टिकलीत आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने ती समजावता येत नाहीत. हे नाव मात्र डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे 2020 मध्ये इटलीतल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ बाईंनी, ज्या स्वतः आजारी होत्या, ते ट्विटरवर वापरलं आणि रूढ झालं. जानेवारी 2024 मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. 25 रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला होता. श्रमानंतर स्नायूला इजा वाढलेली दिसली, आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातल्याच, नीट काम करत नव्हत्या. मी त्याची प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवणार होते, पण त्यांना तोवर कळलं होतं. 2006 च्या साथीत त्यांना चिकुनगुन्या झाला होता. ताप आठवड्यात उतरला, बोटं पुढे दोन वर्षं वळत नव्हती. एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ताप जातो गं, बूड हलवून जातो." त्यानंतर घरात मला कुणी आळशी म्हटलं नाही.

आता मी माझी ताकद नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणासारखी सांभाळते. दुष्काळी वर्षात जसं ठरतं, पिण्याचं आधी राखून ठेवायचं आणि मग आवर्तन, तसं. शाळेचे तास म्हणजे पिण्याचं पाणी. पोळ्यांना मावशी येतात. भाजी स्टुलावर बसून चिरते, अंघोळही स्टुलावर. नात्यातली लग्नं म्हणजे खालच्या जायकवाडी धरणाला द्यायचं पाणी, कितीही वाद घाला, सोडावंच लागतं. पण मग लग्नाच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस काहीच ठेवत नाही. लॉन्सवर गेल्या गेल्या खुर्ची धरते, अक्षता पडल्या की निघते. पांडवलेणीला मी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या तळाचं पाणी, उपसला होता, आणि तो पावसाने लवकर भरून येत नाही.

लॉकडाऊनमधलं ऑक्सिमीटर तुमच्याकडेही कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलं असेल. माझं पर्समध्ये असतं, नाडी बघायला. 110 च्या पुढे गेली की हातातलं काम खाली. जिन्यातली खुर्ची त्या आकड्याची आहे. पाणी भरपूर पिते, मीठही जास्त खाते (ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, रक्तदाब असेल तर माझं ऐकून खाऊ नका), पायात कमरेपर्यंतचे घट्ट मोजे. मे महिन्यात ते मोजे चढवणं हीच एक पांडवलेणी आहे. उन्हाळा एकूणच वाईट जातो. वासासाठी लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब रोज दोनदा हुंगत होते. सातव्या महिन्यात कांदा पुन्हा कांदा झाला. हुंगल्यामुळे की आपोआप, देव जाणे.

डोक्याचं मात्र अजून नीट नाही. नववीच्या वर्गात सिद्धता लिहिताना एकदा 'लंब' हा शब्दच गेला. खडू फळ्यावर टेकलेला, आणि पुढे काही नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, लंब." आता मी बसून शिकवते आणि आकृत्या मुलांकडून काढून घेते. एका पालकांनी तक्रार केली, बाई बसून शिकवतात. शिकवतात हे त्यांनीच म्हटलं, तेवढं मी धरून ठेवलं.

बरी होणार का, हेही विचारता. पहिल्या वर्षापेक्षा बरी आहे. हा आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. काढे, सप्तधान्याची पेज, कुणाच्या मामेबहिणीला लागू पडलेलं चूर्ण, सगळं मनापासून सांगता हे कळतं. पण "थोडं चालून तर बघा" एवढं म्हणू नका. ते मी करून बसले आहे.

आणि हो, खुर्ची माझीच आहे. दुपारी सव्वा ते दीडच्या मधे मला लागते, बाकी वेळ खुशाल बसा. चौथ्या मजल्यावरचे आजोबा हल्ली बसतात, पिशवी मांडीवर घेऊन. फक्त ती उचलून गच्चीवर नेऊ नका. मागच्या कोजागिरीला नेली होती, ती चार दिवस वरच होती.