तूप की सूप?

सुनेने ऑफिसातून लँडलाइनवर सांगितलं, "आई, आज सूप करून ठेवाल का?" मी साठवलेलं लोणी काढलं आणि कढवायला ठेवलं. संध्याकाळी घरभर तुपाचा वास आणि दारात ती, तापाने फणफणलेली. लेकाने लगेच माझ्यासाठी नौपाड्यातल्या कानाच्या एका क्लिनिकची वेळ घेतली.

त्याआधी एका दुकानदाराने आवाज मोठा करणारं यंत्र माझ्या गळ्यात मारलं होतं. त्यातून मिक्सर आणि रिक्षाचे हॉर्न तेवढे जोरात यायचे. पैसे पाण्यात.

क्लिनिकमध्ये ध्वनिबंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. शेवटी शेवटी नसलेलं 'टूं'ही ऐकू यायला लागलं! मग ऐकण्याची तपासणी करणारी ऑडिओलॉजिस्ट मुलगी तोंडासमोर कागद धरून सुटे शब्द म्हणू लागली. 'साप'ला मी 'ताप' म्हटलं, 'फूल'ला 'कूळ'. तीस वर्षं मुलांना श्रुतलेखन घातलेली बाई मी, आणि 25 पैकी 16 बरोबर! पूर्ण वाक्यं मात्र एकही चुकली नाहीत.

"काकू, तुम्ही कानाने कमी आणि अंदाजाने जास्त ऐकताय," ती म्हणाली. आलेख दाखवला: 500 हर्ट्झचा खालचा आवाज ऐकू यायला मला 25 डेसिबल जोर लागतो, 4000 च्या वरच्या आवाजाला थेट 60. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, 'स', 'श'ची सळसळ वरच्या. म्हणजे 'ऊप' पोचतं, सुरुवातीचं अक्षर गळतं. पण मेंदू शब्द संपायची वाट बघत नाही. आवाज येतानाच तो जुळणारे शब्द गोळा करतो आणि बोलण्याच्या अर्थावरून त्यातला एक उचलतो. 1970 साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला, तर काही गळलंय हे ऐकणाऱ्यांना जवळजवळ कळलंच नाही. माझी इतकी वर्षं अशीच निभावली असणार. फसले ती स्वयंपाकघरात, कारण तिथे तूपही चालतं आणि सूपही. त्यात साध्या फोनवर 3400 हर्ट्झच्या वरचं फारसं येतच नाही, आणि ओठही दिसत नाहीत.

दोन आठवडे कानाचं मशीन ट्रायलला दिलं. पहिल्या दिवशी पेपरचं पान उलटलं तरी कुणी कानाशी पापड मोडतंय असं वाटायचं. काढून डबीत ठेवलं, सुनेने परत लावायला लावलं. दहाव्या दिवशी पापड थांबले. पुढच्या तपासणीत 25 पैकी 22.

सून मात्र फोनवर अजून सांगते, "आई, सूप. सशातला स."