आमची वाटचाल: आधी गाइड, मग सीट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं शेड आहे. काम फक्त इंजिनच्या हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाचं. सुरुवात भागीदारीत झाली. मशीनवर मी, गिऱ्हाईक आणि वसुली भागीदाराकडे.

2000 साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा, त्याच बिडात कापलेली असायची. सीटवर बसणारा पेट्रोलमधल्या शिशाचा थर गेल्यावर एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, सीटा खाली बसायला लागल्या. जुनी सीट बोअर करायची, हेड तापवायचं, कडक सीट गार करून ठोकायची. आमचं नाव झालं ते या कामानं.

मग भागीदारानं दोन शेड सोडून स्वतःचं दुकान थाटलं आणि दर निम्मा केला. गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, तो बघायचाच नाही. पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचा, निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकल्याची गोल रिंग दाखवायचा. गिऱ्हाईक खूश! पण गाइड झिजलेलं असेल तर पायलट, म्हणजे सीट कापताना गाइडमध्ये घालायची दांडी, डुलतो, सीट मध्यावर येत नाही आणि चालत्या इंजिनात व्हॉल्व्ह एकाच बाजूला टेकतो. जळणारच तो. आम्ही मात्र आधी गाइड बदलायचो, मग तीन कोन कापायचो: 45 अंशांची सीट, वर 30, खाली 60, म्हणजे हवेला वळताना धार आडवी येत नाही. रुंदी इनटेकला सव्वा मिमी, एक्झॉस्टला दीड, कारण त्या व्हॉल्व्हची उष्णता बहुतेक सीटमधूनच हेडमध्ये उतरते. हे सांगितलं की लोक म्हणायचे, "तुम्ही लई महाग." मशीनचे तीन हप्ते थकले. दोन पोरं त्याच्याकडे गेली.

कागलचे एक मामा, उसाच्या ट्रॅक्टरांचे मालक, तेवढे हलले नाहीत. गळीत हंगामाच्या तोंडावर त्यांनी चारही ट्रॅक्टरांची हेडं आणून टाकली आणि पैसे आधीच मोजले. "सावकाश कर, पण तुझ्या पद्धतीनं कर." त्या पैशातून हप्ते फिटले.

सीएनजीवाल्यांना एक सांगतो, कारण सीटा तिथंही खाली बसतात. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, आवाज बंद झाला म्हणून निर्धास्त राहू नका. सीट खाली गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याच्या आणि टॅपेटमधला गॅप संपतो, आवाज थांबतो. गॅप मोजून घ्या.

आता त्या भागीदाराकडून घासून आलेली हेडं आमच्याकडे येतात. आम्ही करतो, पूर्ण दरानं. पण वेगळं होताना दोघांच्या पैशातून घेतलेला पायलटांचा डबा तो उचलून घेऊन गेला. डबा अजून परत आलेला नाही.