कार्डाचं खरं नाव

धाकट्या भावाला थ्रीडी ड्रॉइंगसाठी ग्राफिक्स कार्ड हवं होतं. सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, साडेचार हजारांना मिळालं. दोघांनी मिळून पैसे जमवले होते. कार्ड बसवलं, पीसी सुरू झाला, ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरनेही ते १०५० टीआय म्हणूनच ओळखलं. रीस्टार्ट केल्यावर मात्र विंडोजचा लोगो आला आणि स्क्रीन काळी. सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढला की पुन्हा चित्र दिसायचं.

चार संध्याकाळी यात गेल्या. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, रॅम काढून घातली, डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने जुने ड्रायव्हर मुळासकट काढले, मदरबोर्डचं बायोस, म्हणजे सुरू होताना चालणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. भाऊ रोज विचारायचा, "दादा, झालं का?" शेवटी कार्ड मित्राच्या पीसीत लावलं. तिथेही तेच. म्हणजे आमच्या पीसीत दोष नव्हता. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

तिथे केबल लावताना कार्डावरच्या निळ्या व्हीजीए पोर्टकडे लक्ष गेलं. १०५० टीआय एनव्हिडियाच्या पास्कल पिढीतलं, आणि त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. मग हा पोर्ट आला कुठून? कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झी हे टूल चालवलं. नावाच्या आधीच चौकटी कंसात लिहून आलं: फेक. खोटी एनव्हिडिया कार्डं पकडायची सोय या टूलमध्ये २०१८ पासून आहे. चिप निघाली जीएफ११६, १९२ कोअरची, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या १९२ भागांची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात. आमच्या हातात होतं २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय.

कार्ड स्वतःचं नाव आणि आयडी स्वतःच सांगतं, आणि विंडोज त्यावर विश्वास ठेवतं. कुणीतरी कार्डाच्या बायोसमध्ये दुसऱ्याची ओळख भरली होती. त्यावर विसंबून ड्रायव्हर पास्कलच्या भाषेत हुकूम सोडायचा आणि आमच्या जुन्या, फर्मी पिढीच्या चिपला त्यातलं काहीच कळायचं नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याने पुढे फोन उचलला नाही. भावाला हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

तरी कार्ड फेकवेना. पीसी मदरबोर्डवरच्याच (ऑनबोर्ड) डिस्प्लेवर सुरू ठेवला, म्हणजे काही बिघडलं तरी स्क्रीन जाणार नाही. कार्डाचं बायोस वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या एनव्हीफ्लॅश टूलने आधी आहे त्या बायोसची प्रत काढून ठेवली. ती काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग कार्डावरच्या मेमरी चिपचा प्रकार आणि जीबी जुळवत ५५० टीआयचं मूळ बायोस शोधलं. ४ जीबी म्हणून विकलेल्या कार्डावर खरी मेमरी १ जीबीच होती. ते कार्डात लिहिताना, म्हणजे फ्लॅश करताना, आयडी जुळत नसल्याचा इशारा आला. तो येणारच होता, पण होकाराचं 'वाय' दाबताना बोट थबकलं. त्यानंतर फर्मीसाठीचा जुना ३९१.३५ ड्रायव्हर टाकला.

रीस्टार्ट. लोगो आला, डेस्कटॉप आला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिघाडाचं पिवळं चिन्ह नव्हतं, नाव होतं जीटीएक्स ५५० टीआय. ते कार्ड आता बाबांच्या पीसीत आहे. भावासाठी पुन्हा पैसे साठवतोय. या वेळी पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच जीपीयू-झी उघडणार आहे.