एकाच वळणाचे दोन काठ

आमच्या वेळी भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा: नदीचे खननकार्य व संचयनकार्य स्पष्ट करा. उत्तरही ठरलेलं. युवावस्थेत नदी खणते, प्रौढावस्थेत वाहून नेते, वृद्धावस्थेत गाळ टाकते. विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १८९९ मध्ये मांडलेल्या क्षरणचक्रातल्या, म्हणजे जमीन झिजत जाण्याच्या चक्रातल्या, या अवस्था आम्ही आकृतीसह घोकल्या होत्या.

भूगोलाच्या बाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, ओली चहापत्ती टाकली आणि चमच्याने गरगर ढवळलं. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते म्हणतात, पण चमचा काढला तशी पत्ती तळाशी मधोमध गोळा होऊ लागली. तळाला घासून तिथलं पाणी मंदावतं. वरचं वेगवान पाणी कडेकडे जातं, तळाचं आत वळतं आणि पत्तीला सोबत घेऊन येतं. आइन्स्टाइननी १९२६ मध्ये नदीच्या नागमोडी वळणांचं कोडं याच पत्तीवरून उलगडलं होतं, हे बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

नदीच्या वळणावर तेच घडतं. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, पायथा पोखरतं, वरची दरड कोसळते. तळाचं पाणी वाळू आतल्या काठाकडे ओढत नेतं. वळण फुगत जातं, मधली मान चिंचोळी होते, एखाद्या पुरात नदी ती कापून सरळ निघते आणि जुनं वळण घोड्याच्या नालेसारखं नालाकृती सरोवर होऊन मागे उरतं. खणणं आणि भरणं समोरासमोरच्या काठांवर, एकाच वेळी! त्यामुळे तीन अवस्थांचे कप्पे मला आजही अपुरे वाटतात.

खडकात नुसत्या पाण्याचं फारसं चालत नाही. पाण्यासोबत येणारे गोटे आणि वाळू हीच नदीची हत्यारं. भोवऱ्यात अडकलेला गोटा फिरून फिरून रांजणखळगा कोरतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीने ४४६ किलोमीटर लांबीची ग्रँड कॅन्यन ही दरी अशीच लाखो वर्षं घासून खोल केली. बाजूच्या दरडी कोसळून ती रुंदावली.

नेपाळमधून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसी नदीचं उदाहरणही बाईंचंच. हिमालयातून आणलेला गाळ सपाटीवर टाकून ती स्वतःचंच पात्र उंचावते आणि मग शेजारच्या सखल भागाकडे सरकते. बांध घातले तर गाळ बांधांच्या आतच साठतो. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे बांध फुटला आणि पाणी पूर्वेकडच्या जुन्या, सोडून दिलेल्या वाटांनी धावलं. त्या वाटांवर माणसं राहत होती, शेती करत होती. बातमी वाचताना बाईंचा फळ्यावरचा नकाशा डोळ्यांपुढे आला आणि जीव कळवळला.

आपल्या शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती आहे. भूगोलाच्या खोलीत वाळूचा एक लांबट ट्रे आणि वर पाण्याची बारीक धार, एवढी सोय करावी. ट्रेचा उतार मुलांनाच बदलू द्यावा आणि काठ ढासळू लागले की तास थोडा लांबला तरी चालवून घ्यावं. खर्च मी देईन.