पोळ्यांच्या मावशी आणि चर्चिलची बायको

शनिवार, रात्री पावणेबारा

हे आत्ताच झोपायला गेले. जाता जाता सांगून गेले, "तुझं लिहून झालं की पंखा तीनवर ठेव, चारवर नको." ३१ मार्चला निवृत्त झाल्यापासून पंख्याचा कारभार यांच्याकडे आहे. फ्रीजचाही. डाळी-कडधान्यांच्या डब्यांवर छापील लेबलं लागली आहेत, त्यावर भरल्याची तारीखसुद्धा. पस्तीस वर्षं कारखान्यात उत्पादन सांभाळलेला माणूस, आता त्याच्या हाताखाली एकच खातं उरलंय, आणि ते माझं स्वयंपाकघर.

आज भाच्याने पेनड्राइव्हवर घालून दिलेला 'इन्टू द स्टॉर्म' बघितला. २००९ सालचा, टीव्हीसाठी केलेला. चर्चिलचा आहे म्हटल्यावर हे उत्साहाने बसले, लढाई बघायला मिळणार म्हणून. लढाई आहे, पण गोष्ट सुरू होते ती युरोपातलं युद्ध संपल्यावर. जुलै १९४५, फ्रान्समध्ये समुद्रकाठी आँदाय नावाचं गाव, आणि सुट्टीवर आलेला म्हातारा. इंग्लंडमध्ये ५ जुलैला मतदान झालंय, पण देशोदेशी पसरलेल्या सैनिकांची मतं यायची म्हणून निकाल २६ तारखेला. तोवर करायचं काय? हा चित्रं काढू बघतो, चिडतो, जुन्या आठवणींत शिरतो. आणि हे सगळं जिच्यासमोर चालतं ती क्लेमेंटाइन, लग्नाला सदतीस वर्षं होत आलेली.

मला तर पहिल्या दहा मिनिटांतच आमचा एप्रिल महिना दिसायला लागला.

ब्रेंडन ग्लीसनने चर्चिल केलाय. नट डब्लिनचा. चर्चिल युद्धमंत्री असताना आयर्लंडमध्ये 'ब्लॅक अँड टॅन्स' नावाच्या ब्रिटिश पोलीस तुकड्यांनी काय धुमाकूळ घातला ते त्या देशात अजून कुणी विसरलेलं नाही, आणि तिथल्या माणसाने हे सोंग इतकं आतून वठवावं! एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अमेरिकन पारितोषिक, मिळालं त्याला. गंमत म्हणजे याच लेखकाच्या आधीच्या चर्चिलपटात, २००२ साली, अल्बर्ट फिनीलाही ह्याच भूमिकेसाठी एमी मिळालं होतं. पण माझी नजर सारखी जॅनेट मॅक्टीयरकडे, म्हणजे क्लेमेंटाइनकडे जात होती. तो बोलत असतो आणि ती ऐकत असते. ते ऐकणं काय चीज आहे हे मी सांगायला नको.

त्यांचा संसार म्हणजे मोठं प्रकरण. तो रात्री दोन-तीनपर्यंत जागणारा, ही लवकर झोपणारी. एकत्र नाश्ता दोन-तीनदा करून पाहिला आणि संसार टिकवायचा तर तो बंदच करावा लागला, असं तो गमतीने सांगायचा. चार्टवेलचं घर त्याने १९२२ साली तिला न विचारता घेतलं, आणि त्या घराच्या खर्चाने तिचा जीव आयुष्यभर टांगणीला. पाच मुलांतली एक तीन वर्षांचीही न होता गेली. पण पत्रांत मात्र ती मांजर आणि तो कधी पग कुत्रा, कधी डुक्कर. सहीशेजारी तशी चित्रंसुद्धा काढायचे. आणि ८ मे १९४५ला युद्ध जिंकलं म्हणून अख्खं लंडन रस्त्यावर नाचत होतं, तेव्हा ही मॉस्कोत होती, रेड क्रॉसच्या मदतनिधीच्या कामासाठी. नवऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि बायको दुसऱ्या देशात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की तिलाही काहीतरी तिचं होतं.

निवडणुकीच्या भाषणात त्याने समाजवाद्यांना हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, गेस्टापोच्या पंगतीला बसवलं. तिने आधी वाचून सांगितलं होतं, हे काढ. त्याने काढलं नाही. हरला. "यात काही भलं लपलेलं असेल," असं ती म्हणाली, त्यावर तो म्हणाला, "सध्या तरी फारच बेमालूम लपलंय." इथे हे खो खो हसले. मी नाही हसले.

मध्येच यांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. म्हणाले, "याच्याच राज्यात १९४३ला बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली. आणि तुला त्याची कीव येतेय."

येत होती, खोटं कशाला बोलू. वीस ते तीस लाख जीव गेले, आणि जहाजं नाहीत, जहाजं नाहीत म्हणत लंडनचं युद्धमंत्रिमंडळ धान्य धाडायला टाळाटाळ करत राहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजी इथे आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवस उपाशी होते, आणि हा तिकडून विचारत होता की त्यांच्या पाण्यात ग्लुकोज तर मिसळत नाहीत ना. घरात त्याला खडसावणारं कुणी होतं म्हणून कलकत्त्यात कुणाला पसाभर तांदूळ जास्त मिळाला नाही. हे सगळं माहीत असूनही त्या वाळूवर बसलेल्या जाड्या म्हाताऱ्याकडे बघून मला गलबलून आलं. यांनी पुन्हा चालू केलं. विषय तिथेच राहिला.

झोप न यायचं कारण मात्र वेगळंच आहे. तिचं एक पत्र मी पूर्वी वाचलेलं, ते आज आठवलं. २७ जून १९४०. फ्रान्स पडून आठवडासुद्धा झालेला नाही, पुढचा नंबर आपला हे सगळ्यांना दिसतंय. अशा वेळी बायको पंतप्रधानाला लिहिते की तुझ्याच माणसांपैकी एकजण, तुझ्यावर जीव असलेला, माझ्याकडे आला होता. तू हाताखालच्यांशी इतका तुसडेपणाने बोलतोस की ते तुला कंटाळायला लागलेत. मलाही तुझ्या वागण्यात फरक दिसतोय, पूर्वीइतकी माया राहिली नाही तुझ्यात. शेवटी लिहिलंय, हे रविवारीच लिहून फाडलं होतं, आता देतेय.

त्या जिवलगाचं नाव तिने घातलं नाही.

आणि माझ्याकडे? गेल्या शनिवारी पोळ्यांच्या मावशी चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "काकू, राग नका मानू. काका असले की मला सुधरत नाही. परवा पोळीचा व्यास सांगत होते." अकरा वर्षं येतायत त्या. सात दिवस झाले, मी यांना काही बोलले नाही. तिच्या डोक्यावर हिटलर होता तरी तिने चार दिवसांत सांगितलं.

पंखा तीनवर.


रविवार, दुपारी

सकाळी विद्यापीठात फिरायला गेलो. फाटकापासून हे सुरू: रस्त्याचा उतार चुकलाय, पाणी कुठे तुंबणार, माळ्यांनी पाइप कसा धरायला हवा. मी हूं हूं करत होते.

मुख्य इमारतीपाशी मी म्हटलं, "अहो, इथे चर्चिल जेवून गेलाय." थांबले! १८९६च्या ऑक्टोबरात हा एकवीस वर्षांचा पोरगा पलटणीबरोबर मुंबईला उतरला. ससून डॉकला होडीतून पायरीवर यायची घाई, लोखंडी कडी धरली, होडी लाटेने खाली गेली आणि उजवा खांदा निखळला, तो जन्मभर दुखत राहिला. पुढे बंगळूरला जाताना पुण्यात मुक्काम, आणि गणेशखिंडीच्या या बंगल्यात गव्हर्नरकडे मेजवानी. गव्हर्नर म्हणजे लॉर्ड सँडहर्स्ट, पुढल्याच वर्षी ज्याच्या कारकिर्दीत प्लेग आणि रँड झाला तो, मुंबईच्या सँडहर्स्ट रोडवाला. चर्चिलने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय की जेवणानंतर गव्हर्नरसाहेबांनी त्याचं मत विचारलं, आणि याने ते सविस्तर दिलं. साहेबांना मध्ये स्वतःचं काही बोलायचंय असं वाटत होतं म्हणे, पण त्यांना कशाला तेवढी तसदी!

हे हसले. "म्हणजे तेव्हापासूनच."

"तेव्हापासूनच," मी म्हटलं. आणि तेवढ्यावरच पुढचंही बोलून टाकलं. तिच्यासारखं मुद्देसूद नाही जमलं. डबे, पोळ्या, पंखा, सगळं एकात एक झालं. मध्ये एकदा आवाजही चढला, बाकावरच्या दोन मुली बघायला लागल्या.

"कोण म्हणालं?" यांनी विचारलं.

"घरातलंच कुणीतरी. तुमचं वाईट न चिंतणारं."

"मावशी ना?"

मी वडाच्या पारंब्यांकडे बघत राहिले. तिथून फाटकापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. पाइप तसाच वाहत होता, त्याकडेही लक्ष नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्या नऊला येतात ना? उद्या मला बँकेत काम आहे. साडेआठला निघेन."

उद्या सोमवार. बँक दहाला उघडते.